उणे चौऱ्याऐंशी

गंगापूर रोडच्या सात मजली गच्चीवर
पाण्याच्या टाकीला टेकून बसलोय.
मांडीवर लॅपटॉप, त्याचं एक बटण सेलोटेपने चिकटवलेलं,
आणि नाशिकची फेब्रुवारीतली थंडी,
उन्हात बसलं तरी हाडं न सोडणारी.

समोरच्या गच्चीवर परवा रात्री नवी डिश लागली.
कुणाची, ते मला ठाऊक आहे.
पावसे आणि मी एकाच टपरीवर चहा पितो
आणि एकमेकांचे चॅनल चोरून बघतो.
त्याने पॉवर वाढवली, मी वाढवली,
मग पुन्हा त्याने.
आता दोघांचंही कुणाला ऐकू जात नाही.

स्पेक्ट्रमचा आलेख उघडला की कळतं,
हवा कधी रिकामी नसतेच.
सातपूरच्या गोडाऊनचे कॅमेरे,
क्लासवाल्यांची या गच्चीवरून त्या गच्चीवर लिंक,
कुणाच्या तरी बंद फ्लॅटमधला राउटर,
माणसं गावाला गेलीत आणि हा एकटाच ओरडतोय.
मधूनच ओझरच्या बाजूने काहीतरी येतं,
रेडिओला वाटतं रडार.
तो चॅनल सोडून मुकाट बाजूला होतो,
मिनिटभर नुसता ऐकत बसतो.
एवढी अदब आमच्या धंद्यात दुसऱ्या कुणाला नाही.

मेनूत तिसऱ्या पानावर एक रकाना आहे.
किती हळू बोलणाऱ्याला गोंगाट समजायचं,
तेवढा आकडा टाकायचा.
काल दुपारी मी टाकला, उणे ऐंशी.
आलेख असा निवला, जसं उतू जाणारं दूध
गॅस बंद केल्यावर.
साहेब म्हणाले, शाब्बास घोलप.
बेचाळीस गिऱ्हाईकं हिरवी.
एक राखाडी.

राखाडी म्हणजे मुंगसऱ्याचे रेवणनाथ बोडके.
नंबरप्लेटा रंगवतात.
नऊ किलोमीटर, वाटेत निलगिरीची रांग,
सिग्नल उणे चौऱ्याऐंशी,
म्हणजे कुजबुजच.
बाकीचे लोक फोन करून माझा उद्धार करतात.
त्यांचा फोन येत नाही.
त्यांना जन्मापासून ऐकू येत नाही,
नागपूरला होस्टेलवर असलेल्या त्यांच्या मुलीलाही.
रोज रात्री नऊला दोघं हातांनी बोलतात,
आमच्या सगळ्यात स्वस्त प्लॅनवर.

काल रात्री, शेजाऱ्याच्या नेटवरून असेल,
त्यांनी एक फोटो पाठवला.
मोबाइलच्या स्क्रीनचा.
त्यात मुलगी, आणि तिचा हात
छातीपासून निघून मध्येच थांबलेला,
बोटं चौकोन चौकोन होऊन फुटलेली.
खाली काही लिहिलं नव्हतं.

मला ती भाषा येत नाही.
तरी झोपेपर्यंत तो फोटो चार वेळा उघडला.
वाक्य कुठवर आलं होतं, कुणास ठाऊक.

आज सकाळी आकडा पुन्हा खाली आणला.
गोंगाट आला परत, सगळा, आपापल्या जागी.
चॅनल चाळीसचा वीस केला. वेग घटला,
साहेबांना संध्याकाळी सांगेन.
डिशचा बोल्ट अर्धा आटा फिरवला, निलगिरीच्या वरून.
मग पावसेला फोन लावला.
म्हटलं, तू तीन उतर, मी तीन उतरतो.
तो म्हणाला, आधी तू.
मी उतरलो.
दहा मिनिटं काही झालं नाही.
शिव्या तोंडात तयार होत्या,
आणि समोरचा डोंगर आलेखात
हळूच बसायला लागला.

रात्री नऊ वाजून वीस मिनिटांनी
बोडक्यांचा व्हिडिओ आला, अकरा सेकंदांचा.
स्क्रीनवर मुलगी, भरभर चाललेले तिचे हात, कुठेही न अडणारे,
कडेने मध्येच आत आलेली त्यांची पिवळ्या रंगाची बोटं.
मी आवाज वाढवला.
मागे कुकरच्या शिट्ट्या, कुत्रं भुंकतंय,
दारातून ट्रॅक्टर चाललाय,
कुणीतरी पत्र्यावर काहीतरी ठोकतंय.
केवढा कल्लोळ त्या घरात.