धुऊन टाकलेली फडकी

शाळेच्या फाटकात कंपनीने पत्रक वाटलं,
निळं, गुळगुळीत, जाड कागदाचं:
‘पुएर्तो सालादोच्या हवेची मोठी झेप.’
खाली दोन स्तंभ. गेल्या वर्षीची धूळ ताडमाड,
यंदाची गुडघ्याएवढी.

मी गणिताची बाई. मी आधी पायथा बघते.
पायथ्याशी शून्य नव्हतं, ऐंशी होतं.
शंभराचे पंच्याऐंशी झाले होते,
डोळ्याला मात्र विसाचे पाच दिसत.
खालचे मजले वाळूत पुरून
नुसती गच्ची मोजायला ठेवलेली.

आणि ते पंधरा तरी कुठून आले?
यंत्र फेब्रुवारीत उचलून दीपगृहाशी नेलं होतं,
जिथे धूळ पोचायच्या आधी
समुद्र पोचतो.
शिवाय सरासरीत रविवार होते,
क्रेन झोपलेल्या असतात ते,
आणि पहाटेचे तीन, चार, पाच.
शितावरून भाताची परीक्षा खरी,
पण शीत कुणी निवडलं,
भात ढवळला होता का,
हे म्हणीत येत नाही.

डोन्या एर्सिलिया चोके मासळीच्या कारखान्यात
तीस वर्षं अँचोव्या निवडत होती.
आता खिडकीचा कठडा पुसते.
तिने माझ्यासमोर बुटांचा खोका उघडला:
दोनशे बारा फडकी, प्रत्येकाला टाचणीने तारीख,
प्रत्येक तांब्याच्या धुळीने काळंकुट्ट.
“गुरुवारी बंबवाल्यांच्या हॉलमध्ये सभा आहे,” ती म्हणाली,
“एकेक वर धर. बोलू नकोस.”

मी एकेक वर धरलं. दहा, वीस, पस्तीस.
मग तोंडातून निघून गेलं,
“आणि पांढरी राहिलेली?”

“ती धुतली. परत वापरली.
पांढऱ्याचं काय ठेवायचं?”

आतल्या खोलीत तिचा भाचा रोसामेल खोकत होता.
तो खोकला कुठल्याही खोक्यात नव्हता.
मी गप्प राहू शकले असते.
न्याय आमच्या बाजूने होता, धूळही होती.
पण आमचंही यंत्र
टेकडीपलीकडेच ठेवलेलं होतं.

सांगितलं, तेव्हा तिने खोका बंद केला.
“तू कुणाच्या बाजूची?”
मी म्हटलं, “खालच्या आकड्याच्या.
एकूण दिवस किती, त्याच्या.”
फार वाईट उत्तर होतं. तीन दिवस अबोला.

चौथ्या दिवशी ती माझ्या वर्गाच्या दाराशी उभी,
हातात वही, रेघा मारलेली.
“रोज संध्याकाळी पाच. तोच कठडा. दोनदा हात.
जे निघेल ते.”
आणि जरा थांबून, “जे निघेल ते, समजलं?”
जणू ते मीच विसरले होते.

सभा पुढे ढकलली गेली, तरी हातात दिवस एकोणीसच.
कंपनीचा इंजिनिअर हसला, वाईट नव्हता तो,
नुसता तरुण होता.
“एकोणीस?”
“एकोणीस,” एर्सिलिया म्हणाली,
आणि बंबवाल्यांच्या लांब टेबलावर
अकरा काळी मांडली,
मग आठ पांढरी, तितक्याच सावकाश,
घडीवरून हात फिरवत.
मागच्या बाकावरून कुणी कुजबुजलं, ही काय करतेय?
“हे माझे सगळे दिवस,” ती म्हणाली.
“आता तुमचे सगळे आणा.
आणि कठडा कुठला होता, तेही.”

निकाल काही लागला नाही.
पुढची तारीख पडली, पत्रकं पुन्हा छापली गेली,
या वेळी हिरवी.

काल वारा समुद्राकडे वळलेला होता.
पाच वाजता तिने फडकं उलटसुलट केलं,
उजेडात धरलं, पुन्हा एकदा पुसून पाहिलं नाही.
वहीत लिहिलं: पांढरं.
ओठ असे घट्ट मिटलेले,
जणू शत्रूचं देणं
पैन् पै मोजून फेडत होती.