शेवटून तिसरी ओळ

विल्यांदीच्या नगरपालिकेत प्रिंटर एकच,
तळघरात, बॉयलरला पाठ लावून.
जानेवारीत या इमारतीत
वेळेवर गरम होणारा तो एकटा.

सोमवारी सकाळी ट्रे रिकामा
आणि फरशीवर तीनशे बारा पानं:
शाळेच्या सूप-जत्रेची जाहिरात,
निळा मासा, खाली तारीख. तारीख चुकलेली.
आधीच टोनर संपत आलेला.
घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं.
शाळेची तार आमच्याच भिंतीतून जाते
हे मला तेव्हा कळलं.

मारिका म्हणाली, सगळ्यांना बंद कर,
मग लागतील तेवढ्यांना उघड.

असलं काम रात्रीचं.
आधी लॉग वाचला. शाळा सापडली.
आणखी एक पत्ता सापडला, शेवटी एकसष्ट,
रोज रात्री पावणेतीनला, एकच पान.
यंत्राला लागलेली उचकी असेल,
म्हणून पुढे सरकले.

फाइलच्या माथ्यावर लिहिलं: कुणालाही नाही.
मग त्याखाली, लग्नाला मोजून माणसं बोलवावीत तसे,
करवसुलीचे चार,
जन्ममृत्यू नोंदीचे दोन,
रस्ते आणि बर्फ, एक, तोही दुपारनंतर झोपणारा.
महापौरांचा तर आलाच.
नाव कुणाचंच नाही,
नुसते ठिपक्यांनी तोडलेले आकडे.
पुढे मात्र शेरा लागतो, कोण ते,
म्हणजे उद्या मी नसले तरी
कुणाला दारात का घेतलं, ते कळावं.

सेव्ह. सर्व्हर पुन्हा सुरू.
माझ्या टेबलावरून चाचणीचं पान सोडलं
आणि उत्तर आलं:
तुम्हाला परवानगी नाही.

पंगत उठली, वाढपी उपाशी.
दुरून तो मला दारही उघडेना,
म्हणून कोट चढवला, जिना उतरले.

खाली हेल्दुर उभा होता, रात्रीचा पहारेकरी,
टोपी काखेत,
प्रिंटरकडे बघत,
बस चुकलेल्या माणसासारखा.
आज येत नाहीये, म्हणाला.
काय येत नाहीये?
मग त्यानं खिशातून कालचं पान काढलं.

अंगठ्याएवढी अक्षरं.
निळी गोळी सकाळी. पांढरी जेवणानंतर.
मांजर आत आहे, शोधू नकोस.
बायकोला, लेइदाला, यापेक्षा बारीक दिसत नाही,
आणि माझा हात, त्यानं हात पुढे केला,
तो थरथरताना मी पाहिला.
दफ्तरखान्यात कुणी न वापरलेला एक कॉम्प्युटर आहे.
सहाला घरी जातो, फ्रीजवर चिकटवतो.
कागदाचे पैसे देईन, म्हणाला.

मी सर्व्हरच्या कीबोर्डपाशी बसले.
आधी माझे दोन पत्ते घातले,
खोटं कशाला बोलू.
मग कर्सर वर नेला
आणि त्यांच्या डोक्यावर एकसष्ट.
शेऱ्यात काय लिहू?
पहारा लिहिलं, खोडलं.
रात्रपाळी लिहिलं, तेही खोडलं.
फ्रीज लिहिलं.
तपासणीत मारिका विचारेल, तेव्हा बघू.

प्रिंटरनं घसा खाकरला.
हेल्दुरनं पान दोन्ही हातांनी घेतलं,
गरम होतं, म्हणून गालाला लावलं,
मग माझ्याकडे बघून
घाईनं घडी घातली.

शाळेला मी अजून काही कळवलेलं नाही.
त्यांचा मासा आता आमच्याकडे उमटणार नाही.
तारीख मात्र चुकलेलीच आहे,
ते कुणीतरी सांगायला हवं.