अकरा दिवसांचा दोर

फेब्रुवारीत क्लाइपेडाच्या खाडीवर
बर्फाची साय धरते
आणि ऑफिसात हीटर तेवढा बोलतो.
आम्ही जहाजांना दोर विकतो,
रंग, बोल्ट, लाइफ जॅकेटं, कॉफीचे डबेसुद्धा.
जहाज धक्क्याला दोन दिवस थांबतं,
आमचा कागद अकरा दिवस फिरतो.

मालक वायदोतस म्हणाले,
स्काइस्ते, तीन सॉफ्टवेअरं बघ, एक निवड,
हे भिजत घोंगडं एकदाचं वाळत घाल.

पहिलं फार देखणं.
पडद्यावर चौकोन, चौकोनातून बाण,
बाण ओढला की निळ्याचा हिरवा.
दाखवणारा मुलगा रीगाहून बोलत होता,
पाठीमागे पुस्तकांचं खोटं कपाट,
मान हलली की त्याचा एक कान
पुस्तकांत नाहीसा व्हायचा.
माणशी महिना एकोणतीस युरो.
आम्ही चौदा जण.
मी मनात गुणाकार केला
आणि बाण ओढायची थांबले.

दुसरं स्वस्त, पण हट्टी.
त्याला एवढंच व्याकरण येतं: जर, तर.
जर रक्कम पाचशेच्या वर, तर मालकांकडे.
जर अठ्ठेचाळीस तास उत्तर नाही, तर पुढच्याकडे.
मी विचारलं, पुढचाच रजेवर असला तर?
ते म्हणाले, आणखी एक 'तर' लिहा.

तिसरं फुकट,
महिन्याला शंभर ऑर्डरींपर्यंत.
लिथुआनियनही येते त्याला,
फक्त 'मंजूर' असेल तिथे
'क्षमा केली' असं लिहून येतं.
दोरखंड, चाळीस मीटर: क्षमा केली.

तिघांचाही पहिला प्रश्न मात्र एकच:
सध्या काम नेमकं कसं चालतं?

म्हणून गोदामात गेले, गेनोवाइतेजवळ बसले.
एकतीस वर्षं, हिरव्या शाईचं पेन,
खिडकीत कागदावर ठेवलेले छोटे मासे,
काकडीचा वास येणारे, याच महिन्यातले.
ती सांगत गेली, मी चौकोन काढत गेले.
हा कप्तान उधारी ठेवतो, पण बुडवत नाही.
याला मेल करू नये, बायकोला फोन करावा.
आणि हे 'झुवेद्रा'चं बिल,
दोन वर्षं याच फाइलमध्ये.
पाठवायचं नाही. फाडायचंही नाही.
का, मी विचारलं.
माणूस वर आलाच नाही, ती म्हणाली,
बोट तेवढी आली.
याला कुठला चौकोन देऊ?
काढ एक, म्हणाली. रिकामा ठेव.

खरं सांगायचं तर माझा संशय तिच्यावरच होता.
हिरवी शाई, जाड चष्मा, सावकाश हात.
पाणी कुठे मुरतंय ते बघू म्हणून
सहा महिन्यांचे दोनशे कागद
संध्याकाळी एकटीने त्या फुकटवाल्यात भरले.
पट्ट्या उमटल्या.
गेनोवाइते: चाळीस मिनिटं.
हिशेब विभाग: एक दिवस.
मालक: एक रात्र, घरून, बहुधा जेवता जेवता.
आणि एक तांबडी पट्टी
पडद्याबाहेर गेलेली, सरकवून बघावी लागली.
नऊ दिवस.
'तपासणी: स्काइस्ते.'

मी तारखांचा रकाना बदलून पाहिला.
मग सुट्ट्या वजा केल्या.
आठ.

सकाळी गेनोवाइतेला सांगितलं.
ती माशाचा काटा काढत होती.
माहीत होतं, म्हणाली,
म्हणून तर सकाळी तुझ्या ढिगाच्या
सगळ्यांत वर ठेवायचे.
संध्याकाळी येऊन बघायचे,
तो सगळ्यांत खाली.

दुसरं घेतलं आम्ही, जर-तरवालं.
पहिला नियम मीच लिहिला:
जर स्काइस्ते अठ्ठेचाळीस तास गप्प,
तर गेनोवाइते.
मालकांनी विचारलं नाही, मी समजावलं नाही.

तो रिकामा चौकोनही काढला, कोपऱ्यात.
त्यात बाण येत नाही, त्यातून जात नाही.
दर सोमवारी सॉफ्टवेअर इशारा देतं:
हा चौकोन कशालाच जोडलेला नाही.
खाली दोन बटणं असतात,
'काढून टाका' आणि 'राहू द्या'.
एवढं एक काम
मी त्याच दिवशी करते.