भिंतीकडे वळवलेला पुडा

कलामात पाऊस पडत नाही,
धूळ पडते. खाणीची, बारीक.
रोज सकाळी मी फडकं घेते
आणि फळीवरच्या पुड्यांची तोंडं पुसते.

ती तोंडं आता ओळखू येत नाहीत.
मक्याच्या पोह्यांच्या खोक्यावर एक अस्वल होतं,
निळ्या टोपीतलं, डोळा मारणारं.
कायदा आला, अस्वल गेलं.
कुठं गेलं, पोरं विचारायची आठवडाभर.
खाणीत लागलंय कामाला, मी सांगायचे.

त्याच्या जागी काळे अष्टकोन:
साखर जास्त. मीठ जास्त.
चरबी जास्त. उष्मांक जास्त.
चौकात 'थांबा'ची पाटी असते तोच आकार,
फक्त लाल नाही,
सुतकातल्या फितीसारखा काळा.

थांबतं का कुणी?
तीस वर्षं गल्ल्यामागे बसून मी हात बघतेय.
चेहऱ्याला खोटं बोलता येतं, हाताला नाही.
हात पुढे येतो, आणि पुड्याला शिवायच्या आधी
अर्धा क्षण हवेत लटकतो.
हा अर्धा क्षण पूर्वी नव्हता.
एवढंच मी शपथेवर सांगेन.
पुढचं ज्याच्या त्याच्या खिशावर,

कारण बिनशिक्क्याचं बिस्कीट
दोनशे पेसोंनी महाग.
फ्रेसिया येते, तीन पोरांची,
दोन हातांत दोन पुडे धरून उभी राहते,
जणू तिचाच तराजू झालाय,
आणि तीन अष्टकोनांचा पुडा पिशवीत टाकताना
माझ्याकडे बघत नाही.
मी काय बोलणार? मीच विकते.

तिची मधली, आयलेन, सात वर्षांची,
शाळेतून मोजायला शिकून आलीय.
रांगेतल्या सगळ्यांच्या पिशव्यांत डोकावून
मोठ्यानं: एक, दोन, तीन...
डॉन बेलिसारिओंच्या पिशवीत अकरा निघाले.
दुमजली घराएवढा ट्रक चालवणारा माणूस,
कानापर्यंत लाल होऊन म्हणाला,
"चार नातवाचे आहेत."
नातू दूर दक्षिणेत. वर्षातून एकदा येतो.

तेव्हापासून ते शाळेच्या वेळात यायचे.
पुडा उचलून काळी बाजू छातीशी धरायचे,
चोरून आणलेलं मांजराचं पिल्लू धरावं तशी.

मार्चमध्ये त्यांच्या पायाचं बोट काढलं.
कुबडी घेऊन आले, फळीसमोर बराच वेळ उभे.
"चष्मा विसरलो. एर्सिलिया, वाच जरा."
ज्याला अक्षर येत नाही त्यालाही कळावं
एवढं ठळक छापलेलं.
हातच्या कांकणाला आरसा कशाला, म्हणणार होते.
नाही म्हटलं. वाचलं.
एकेक पुडा, एकेक अष्टकोन,
मिसाला यादी वाचतात तसं, मेलेल्यांची.
ते मान हलवत राहिले.
मग म्हणाले, "पाव दे."

पावाला ना तोंड ना पाटी.
सुटा, गरम, कागदात गुंडाळलेला.
भट्टीवाल्या आन्सेल्मोचा हात
मिठाला किती सढळ आहे,
ते मला ठाऊक आहे.
कागदाला गाठ मारली. सुटे पैसे मोजले.

संध्याकाळी फळी पुसताना
सगळ्यात खालच्या रांगेत एक पुडा सापडला,
चॉकलेटचा, चारही शिक्के भिंतीकडे,
पाठ पुढे केलेला.
धुळीत बोटांच्या खुणा. चार.
लहान, शाईनं डागाळलेल्या बोटांच्या,
मोजायला नुकत्याच शिकलेल्या.

पुडा सरळ केला.
त्या खुणा तेवढ्या पुसल्या नाहीत.