खांब

फ्लीटवुडच्या टपाल कचेरीत
तीन नंबरच्या खिडकीवर त्या सकाळी मीच होतो.
नवी तिकिटं आली होती. नाटकघरं बंद पडून
तिथे गालिच्यांची दुकानं निघाल्यावर
सरकारला जुने हसवणारे आठवले होते:
करवतीवर गज फिरवून रडकी धून काढणारा एक,
कबुतरांची बाई,
बोलक्या बाहुल्याचा मुका मालक,
आणि एकतीस पेन्सवाला अल्बी थ्रेल्फॉल.

ड्युलसी एंट्विसल, वय एक्याऐंशी,
पिशवीत अर्धा पाव आणि मांजराचा डबा,
म्हणाली, "थ्रेल्फॉल द्या. एकच."

गडद निळी रात्र. लाल नाक, तिरकी उंच टोपी,
आणि दिव्याच्या खांबाला टेकून
इतका कललेला माणूस
की बघणाऱ्यानंच हात पुढे करावा.

"एकतीसचं परदेशी जातं, बाई.
परदेशी कोण आहे तुमचं?"
"कुणी नाही. गॅसचं बिल धाडायचंय."
"मग सतराचं पुरे की."
"सतराचं नको. त्यावर कबुतरं आहेत."

मी पैसे मोजून घेतले.
ती तिकिटाकडे बघत राहिली, मागे रांग खोकू लागली.
"स्टेजवर एकदाही पडला नाही मेला," ती म्हणाली,
"मला मात्र पहिल्यापासून महागातच पडला."

मग तिनं बोट ठेवलं.
अल्बीवर नाही, खांबावर.
"ही मी."

घोट्यापासून गळ्यापर्यंत हिरवा पत्रा,
डोक्यावर कंदील, बॅटरी कमरेला बांधलेली.
तो कलला की खांब कलायचा.
तो गाऊ लागला की दिवा विझायचा,
नाट्यगृह पोट धरून हसायचं.
बारा वर्षं, आठवड्याला बारा खेळ,
ओल्डहॅम, हल, पेझ्ली.
पेझ्लीत हसत नसत, नाणी फेकत.
पत्र्यावर आपटून ती टणटण वाजली
की मग हसत.

"आत शिंक आली तर?" मी विचारलं.
"दिवा लुकलुकायचा. त्याला वाटायचं मी मुद्दाम करते.
दुसऱ्या दिवशी म्हणायचा, पुन्हा कर."

जाहिरातीत लिहायचे: थ्रेल्फॉल आणि कंपनी.
"कंपनीत कोण कोण होतं?"
"मी," ती म्हणाली. "सगळी मीच."

कबुतरांच्या बाईचं मी काही विचारलं नाही.
एवढं म्हणाली, की एकाच विंगेत उभं राहायचो,
आणि एक दिवस त्याच्या कोटावर पिसं दिसली,
पत्र्यातून हात बाहेर काढता येत नाही,
नाहीतर झटकली असती.

तिनं तिकीट पालथं केलं,
अल्बीच्या पाठीला जीभ लावली,
तोंड वाकडं केलं, चिकटवलं.
मग पुन्हा डोळ्याजवळ धरलं.
"चित्रकारानं भोकं काढली नाहीत."
"कसली?"
"खांबाला. डोळ्यांपुढची दोन.
मग मी बघत कशातून होते?"

टोपीतून तिनं पिन काढली
आणि पाकिटात, तिकिटात, कंदिलाच्या बोटभर खाली,
टच्. टच्.
गॅस कंपनीच्या चेकलाही पडली असणार.

फाटकं तिकीट नियमानं चालत नाही.
मी शिक्का उचलला,
हात आवरून, तिरका करून,
टोपीवर मारला, नाकावर, रात्रीवर.
खांब सुका राहिला.

ती गेली. दारात पायरी चुकली, सावरली,
कुणाला टेकली नाही.

साडेपाचला पोतं बांधताना
ते पाकीट मी बल्बसमोर धरलं.
दोन बारीक ठिपके उजेडाचे,
शेजारी शेजारी, न लुकलुकणारे.

आत कुणी उभं असावं तसे.
मी टाय नीट केला.