आरोपी क्रमांक चार

रोला, शारजा. सातव्या मजल्यावर
मी माणसं तपासते. एका नावाचे पंधरा दिरहम.

आज इनायत दाऊद मुकादम, फोर्कलिफ्ट चालक.
तालुका कोर्टाच्या साइटवर लगेच सापडला,
बापाच्या नावासकट, वाडीसकट:
बांधावरची मारामारी, आरोपी क्रमांक चार.
साल दोन हजार अकरा.
तीन पानं खाली, शेवटच्या ओळीत
निर्दोष मुक्तता.

इथल्या निकालांच्या ज्या प्रती माझ्याकडे येतात
त्यांत नावावर काळी पट्टी असते.
आमच्याकडे सगळं उघड्यावर,
पाणवठ्यावर धुणं आपटावं तसं.

फॉर्मला दोनच चौकोन:
नोंद आढळली. नोंद आढळली नाही.
शेऱ्याचा रकाना मागच्या वर्षी काढला,
कुणी वाचत नव्हतं म्हणून.

त्याचा मेल आधीच येऊन पडलाय:
मॅडम, एक केस होती, सुटलोय, कागद पाठवू का?
विचारलं नव्हतं त्याला कुणी.

पावणेपाच. एसीचं पाणी बादलीत ठिबकतंय.
माझं जुनं नाव, जे मी आता लावत नाही,
त्याच साइटवर आहे, घटस्फोटाच्या निकालात,
तो काय काय बोलला त्यासकट.
मी ते पान कधी उघडलं नाही.

बाण चौकोनावर थांबलाय.
इनायतला लिहिते: पाठवा.
कुठे जोडायचा ते बघू.