कालची कडी

दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी, फोंड्यात, तिस्कावर
माझ्या औषधांच्या दुकानाच्या माडीवर
आम्ही सहाजण एक पुस्तक वाचून येतो
आणि पुस्तकात जे शिजतं ते जेवतो.

तुरुंगातल्या आठवणी होत्या तेव्हा
जाड भाकरी आणि पाण्यासारखी डाळ.
उल्हास गावणेकराने खिशातून लोणचं आणलेलं,
पकडला गेला,
वाटून घेतलं.
वाळवंटातली कादंबरी होती तेव्हा नुसता खजूर.
शालनबाई धुमे म्हणाल्या, पुस्तक चांगलं,
पण घरी जाऊन भात टाकावा लागला.

या खेपेची कादंबरी अगदीच किरकोळ अंगाची.
तीत जेवण एकदाच, पान एकोणसत्तर, तळाशी:
‘रात्री हुमण होतं. तो जेवला नाही.’
बस.
मासा कुठला, लिहिलेलं नाही.

मग ज्याने त्याने आपापला मासा आणला.
शालनबाईंचे बांगडे, तिरफळं ठेचून.
उल्हासची मानशीवरची सुंगटं, आंबाडे घालून,
कारण पान चाळीसवर छत्री आहे,
म्हणजे पाऊस आहे, म्हणजे आंबाडे आहेत.
रजनी केंकऱ्यांनी इसवण केला:
निघालेल्या माणसाला कुणी काट्यांचा मासा वाढतं का?
सेवेरीनने पेडवे आणले, बाजारात सर्वांत स्वस्त तेच.
घर गरीब आहे, म्हणाला, तुम्ही नीट वाचलं नाही.
(शालनबाईंच्याच वर्गातला तो. त्या गप्प.)
आणि बँकेतली अश्विनी मोहिते, कराडहून बदलीवर आलेली,
तिच्या हुमणात वर कोथिंबीर.
शालनबाईंनी टोपात वाकून पाहिलं
आणि पाणी प्यायल्या.
मी उकड्या तांदळाचा भात केला फक्त.
माझ्या वाचनातला मासा मी सांगितला नाही.

तो का जेवला नाही, यावर दीड तास.
राग. ताप. दुसरी बाई.
सेवेरीन पेडव्याचे काटे ताटाच्या कडेला लावत होता.
म्हणाला, माझा भाऊ स्विंडनला गेला
त्या रात्री मायने हुमण केलेलं.
नाही जेवला.
राग वगैरे काही नव्हता.
टॅक्सी आठला सांगितली होती, ती सातला आली.

कुणीतरी भात मागितला.
मी वाढला.

मग पान सत्तर, पहिली ओळ:
‘सकाळी उठून तिने कडी काढली.’
दाराची, अश्विनी म्हणाली, म्हणजे तिला अजून वाटतंय
तो परत येईल.
आम्ही पाचजण तिच्याकडे बघत राहिलो.
महिनाभर आम्ही त्या बाईला
चुलीपाशी बसलेली पाहत होतो:
रात्रीचं उरलेलं हुमण, मंद विस्तवावर आटून आटून दाट,
तिने वाटीत काढलं, पोईला लावून एकटीने खाल्लं.
आमच्याकडे त्याला कडी म्हणतात. कालची कडी.
आम्हाला दार दिसलंच नव्हतं.

लेखिका मूळची कुठली? मलपृष्ठ पाहिलं.
‘पुण्यात वास्तव्य’, आणि मांजराबरोबर फोटो.
अकरा वाजेपर्यंत भांडलो.
उल्हास म्हणाला, कादंबरी दाट आहे, बाई जेवलीच असणार.
अश्विनी चिडली: मग कराडच्या वाचकाने काय करायचं?
शालनबाई चपला शोधत म्हणाल्या,
कराडच्या वाचकाने उद्या सकाळी यायचं.

सगळे गेल्यावर पाचही टोपांतलं उरलेलं
मी एकाच मडक्यात ओतलं,
बांगडा, सुंगटं, इसवण, पेडवे, कोथिंबिरीसकट.
माझ्या सासूने पाहिलं असतं तर
तिने मला मडक्यासकट बाहेर काढलं असतं.
आच अगदी बारीक ठेवली. मध्ये दोनदा उठून पाहिलं.

सकाळी पोदेराचा भोंपू वाजून गेला.
पोया फडक्यात गुंडाळल्या होत्या.
साडेसातला जिन्यावर पावलं, मग दारावर टकटक.
माझ्या हातात डाव, झाकण अर्धं उचललेलं.
‘थांब,’ मी आतूनच ओरडले,
‘कडी काढते!’